भवानीचा पलंग

महाराष्ट्रातल्या देवीच्या दर्शनाला जायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी चढ आला. वणीच्या सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर पोटऱ्या भरून येतात, माहूरची रेणुका डोंगरावर, प्रतापगडची भवानी तर किल्ल्यावरच. तुळजापूरला मात्र उलटं आहे. गाव बालाघाटाच्या माथ्यावर आणि देवी त्याच्या खाली, उतारावर. राजे शहाजी महाद्वारातून आत शिरलं की पायऱ्या खाली खाली जातात. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागतं. तिथं हातपाय धुऊन निंबाळकर दरवाजातून आत गेलं, की होमकुंड, सभामंडप आणि मग गाभारा. कल्लोळाविषयी सांगतात, की ब्रह्मदेवानं हाक मारताच सगळी तीर्थं एकदम धावत आली आणि त्यांच्या गलबल्यावरून तीर्थाला हे नाव पडलं. गर्दीच्या दिवशी पायऱ्यांवर उभं राहिलं, तर तो गलबला अजून थांबलेला नाही असं वाटतं.

गाभाऱ्यातली मूर्ती काळ्या शिळेची, सुमारे तीन फुटांची. ही शिळा गंडकी असल्याचं मानलं जातं. अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. पाठीशी बाणांचा भाता, जवळ सिंह, मार्कंडेय ऋषी आणि खाली डोकं वर पाय करून तप करणारी अनुभूती. कर्दम ऋषींच्या या पत्नीला कुकुर दैत्यानं छळलं, तिनं देवीचा धावा केला आणि देवी त्वरेनं धावून आली, अशी स्थळाची कथा आहे. हे सगळं शिल्प साडीआड असतं. रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाला दिसतो तो चेहरा आणि कपाळभर मळवट. तोही दोन-चार क्षणच, कारण मागून ‘चला, पुढं चला’ सुरू झालेलं असतं.

देऊळ किती जुनं, हा प्रश्न तुळजापुरात पुजाऱ्यापासून फुलवाल्यापर्यंत कुणालाही विचारावा. ‘हेमाडपंती’ हे उत्तर ठरलेलं. मराठी माणसाला कुठलंही जुनं दगडी देऊळ हेमाडपंतीच वाटतं. प्रत्यक्षात इथं अनेक काळांचे थर आहेत. गाभाऱ्याच्या भागाची घडण एका काळातली, ओवऱ्या आणि दरवाजे मराठा सरदारांच्या काळातले, त्यावर अलीकडच्या फरश्या आणि रेलिंग. दगडाची भाषा जाणणाऱ्यांनी त्यावर जरूर वाद घालावा. पण तुळजापूरचं खरं जुनेपण भिंतीत शोधून हाती लागत नाही. ते इथल्या कामाच्या वाटणीत आहे. देवीला उठवायचं कोणी, पाय धुवायचे कोणी, गादीचा कापूस कोणी पिंजायचा, पलंग कुठल्या गावानं करायचा आणि तो डोक्या-खांद्यावरून कोणी आणायचा, हे सगळं इथं ठरलेलं आहे. वस्तू बदलतात, माणसं तर बदलतातच. काम मात्र आहे तिथंच आहे.

या कामाची सुरुवात पहाटे होते. चौघडा वाजतो, दरवाजे उघडतात आणि चरणतीर्थ होतं. म्हणजे देवीचे पाय धुऊन ते तीर्थ भक्तांना द्यायचं. एरवी हे पहाटे चारच्या सुमाराला होतं. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा अशा गर्दीच्या दिवशी मात्र देवीला मध्यरात्र उलटताच, एक वाजता उठावं लागतं. आदल्या रात्री प्रक्षाळ उरकून गाभारा बंद व्हायलाच उशीर झालेला असतो. हिशेब केला तर त्या रात्री देवीच्या वाट्याला दोन-अडीच तासांची झोप येते. यात्रेच्या दिवसांत तुळजापुरातल्या खानावळवाल्यालाही याहून जास्त झोप मिळत असेल.

सकाळी साधारण सहापासून पंचामृताचे अभिषेक सुरू होतात. अभिषेकाच्या वेळी साडी नसते, त्यामुळे मूर्तीचं मूळ रूप दिसतं ते याच वेळी. ज्यांनी ते पाहिलंय ते सांगतात, की अलंकारातली भवानी वेगळी आणि दुधाच्या धारेखालची वेगळी. अभिषेक आटोपले की वस्त्रालंकार, मग धूपारती, मग नैवेद्य. दुपार दर्शनाच्या रांगेची. संध्याकाळी सात वाजल्यापासून पुन्हा अभिषेक, पुन्हा धूपारती आणि रात्री दहाच्या आसपास प्रक्षाळ. दिवसभराचं दूध, दही, मध, कुंकू धुऊन काढायचं आणि देवीला मोकळं करायचं. मधेच कुणाच्या नवसाची सिंहासन पूजा असते. सिंहासन दह्यानं किंवा श्रीखंडानं भरायचं. आंब्याच्या दिवसांत आमरसानंही भरतात. चाळीतल्या घरात एक सून सोळा पाहुण्यांचं करते तसा हा दिवस असतो, फक्त इथं पाहुणे हजारांनी मोजायचे आणि करणारे हात वेगवेगळ्या घरांतले.

हे हात कुणाचे, हेही पाहण्यासारखं आहे. तुळजाभवानीचे मुख्य पुजारी भोपे. ते कदम आडनावाचे मराठे आहेत. त्यांच्याबरोबर पाळीकर पुजारी आणि मंत्र, संकल्प, होमहवन पाहणारे उपाध्ये. या तिन्ही पुजाऱ्यांची वेगवेगळी मंडळं आहेत. शिवाय महंत आहेत आणि मठ आहेत. चरणतीर्थापासून प्रक्षाळीपर्यंत त्यांचेही मान ठरलेले. महाराष्ट्रातल्या थोरल्या देवळांत गाभाऱ्याचा हक्क ब्राह्मणेतर घराण्याकडे असल्याची उदाहरणं कमी नाहीत, पण इतक्या घराण्यांमध्ये तो वाटलेला आणि तरी इतका काटेकोर क्वचितच पाहायला मिळतो. त्यातून भांडणं झाली नाहीत असं नाही. झाली, कोर्टातही गेली. कुणाची पाळी, कुणाचा वाटा, दानपेटीचं काय, यावर तुळजापूरनं वर्षानुवर्षं तारखा मोजल्या आहेत. हक्क आला की भांडण आलंच. पण या भांडणांचाच एक फायदा असा, की कोणतं काम कुणाचं, हे कुणालाही विसरता आलं नाही.

तुळजापूर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. देवळाच्या कारभाराचे नियम निजामाच्या राजवटीत लेखी झाले. ‘देऊळ कवायत’ या नावानं ते ओळखले जातात आणि आजही वादाच्या वेळी त्यांचा हवाला दिला जातो. मुसलमान राज्यकर्त्याच्या दफ्तरात हिंदू देवीच्या दिनक्रमाचे नियम नोंदलेले असावेत, हे आज अनेकांना चमत्कारिक वाटेल. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना वाटणार नाही. सरकार कुणाचंही असलं तरी यात्रा भरते, पैसा येतो आणि तंटेही होतात, म्हणून राज्यकर्त्याला तिथं लक्ष घालावंच लागतं. आज मंदिर संस्थानचे अध्यक्ष धाराशिवचे जिल्हाधिकारी असतात. लक्ष घालणारं दफ्तर तेवढं बदललं.

भारतीमठाचा उल्लेख मात्र कोणत्याही कारभारी कागदापेक्षा गोड आहे. देवी भारतीबुवांबरोबर सारीपाट खेळायला येते, अशी तुळजापूरची श्रद्धा आहे. म्हणून मठात तिच्यासाठी पट मांडायचा. महिषासुराला मारणारी देवी दिवसाकाठी थोडा वेळ काढून एका गोसाव्याशी सोंगट्या खेळते, ही कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याला देवाशी वागायचं कसं हे नीट ठाऊक होतं. तिला सतत शस्त्र घेऊन उभं ठेवलं तर ती थकणार, कंटाळणार. तिला खेळ हवा. आणि झोप तर हवीच.

इथं आपण तुळजापूरच्या सगळ्यांत वेगळ्या गोष्टीपाशी येतो.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावर कायमची रोवलेली नाही. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून शेजघरात नेतात आणि पलंगावर निजवतात. याला मंचकी निद्रा म्हणतात. शेजारती बहुतेक देवळांत होते, पण तिथं झोपतो तो भाव. पलंगावर उत्सवमूर्ती किंवा पादुका ठेवतात आणि मुख्य मूर्ती जागच्या जागी असते. तुळजापुरात मुख्य मूर्तीच आडवी होते. सिंहासन रिकामं राहतं.

पहिली घोर निद्रा. भाद्रपद वद्य अष्टमीला देवी निजते आणि अश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे उठते. त्याच दिवशी घटस्थापना. पुढं नऊ दिवस महिषासुराशी युद्ध आहे, म्हणून आधी ही झोप. दुसरी श्रम निद्रा, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंतची. युद्ध संपलं, अंग दुखतंय, म्हणून पाच दिवसांचा विसावा. तिसरी मोह निद्रा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी. तिन्ही मिळून वर्षाचे 21 दिवस. देशातल्या कामगार कायद्यांनी भरपगारी रजा मान्य करायला विसावं शतक उजाडावं लागलं. तुळजापूरच्या भक्तांनी आपल्या देवीची रजा त्याच्या कितीतरी आधी मंजूर केली होती आणि तीही वर्षातून तीन हप्त्यांत, कामाच्या आधी आणि कामाच्या नंतर.

पितृपक्षातल्या घोर निद्रेची तयारी आधीपासून चालते. शेजघरातल्या गाद्या उसवायच्या, त्यातला कापूस बाहेर काढायचा, तो निवडायचा, पिंजायचा आणि पुन्हा गाद्या भरायच्या. निवडायला आराधी बाया आणि गावातल्या बायका बसतात. कचरा, सरकी, गाठी वेचून कापूस मोकळा करतात. पिंजायचं काम पिंजाऱ्याचं. मराठवाड्यात पिंजारी मुसलमान असतात, हे वेगळं सांगायला नको, आणि तुळजापुरात ते कुणी मुद्दाम सांगतही नाही. पिंजण हाती असलेला माणूस कापूस पिंजणार, एवढंच. मग अष्टमीच्या संध्याकाळी अभिषेक, आरती होते, मूर्ती सिंहासनावरून हलवली जाते आणि ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात शेजघरात जाते. त्या काळात सिंहासनावरचे अभिषेक बंद. मूर्तीला सुगंधी तेल लावतात. गावातल्या काही बायका त्या दिवसांत स्वतःही गादीवर झोपत नाहीत, असं ऐकायला मिळतं. देवी निजली की गावानं जागायचं.

घोर आणि मोह निद्रेसाठी शेजघरात चांदीचा पलंग आहे. श्रम निद्रेचा पलंग मात्र लाकडाचा आणि दर वर्षी नवा. तो तुळजापुरात होत नाही. सोलापुरात किंवा धाराशिवातही होत नाही. तो होतो पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावात, सह्याद्रीच्या कुशीत. तिथून जुन्नर, नगर करत, वाटेतल्या गावागावांत थांबत, ओवाळून घेत, खांदे बदलत तो नवमीच्या रात्री तुळजापुरात पोचतो. अंतर 300 किलोमीटरच्या आसपास. हा पलंग आणणारं घराणं पलंगे या नावानंच ओळखलं जातं. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. ती राहुरीला घडते. बुऱ्हाणनगरच्या जानकोजी नावाच्या तेल्याच्या घरी देवी लहान मुलगी होऊन राहिली होती, अशी कथा आहे. म्हणून बुऱ्हाणनगर हे देवीचं माहेर आणि पालखीचा मान तिथल्या भगत घराण्याचा. भिंगारला पालखी आणि पलंग यांची भेट होते, तेव्हा नगर शहरातून माणसं लोटतात.

घोडेगाव का, राहुरी का, असं विचारलं तर प्रत्येक ठिकाणी एक कथा मिळते. कथांपलीकडचं जे दिसतं ते असं, की मराठवाड्यातल्या एका देवीची झोप भीमाशंकरच्या पायथ्याजवळच्या सुतारावर अवलंबून आहे. घोडेगावातला सुतार कधी तुळजापूरला गेला असेल, नसेल. पण पलंगाचे गाते आणि पाय घडवताना तो कुणासाठी घडवतो हे त्याला माहीत असतं. वाटेवरच्या गावांनाही माहीत असतं. पलंग दारावरून जातो तेव्हा बायका त्याखालून लेकरं काढतात, नमस्कार करतात. पलंग रिकामा असतो. त्यावर अजून कुणी निजलेलं नाही. तरी नमस्कार होतो, कारण कोण निजणार हे ठरलेलं आहे.

दसऱ्याच्या पहाटे, अजून अंधार असताना, सीमोल्लंघन होतं. मूर्ती सिंहासनावरून काढून साड्यांत गुंडाळतात, 108 साड्यांत. मूर्तीला धक्का लागू नये ही काळजी त्यात आहेच, पण रणावर निघालेल्या बाईला बांधून कसून पाठवण्याचा भावही आहे. मग ती बुऱ्हाणनगरच्या पालखीत बसवून मंदिराभोवती प्रदक्षिणा घालतात. वाटेत पिंपळाच्या पारावर विसावा आणि आरती. कुंकवाची इतकी उधळण होते, की माणसं, दगडी फरशी, पालखीचा दांडा सगळं एकाच रंगाचं होतं. वरून ‘उदो’चा घोष. त्या गर्दीत पोलीसही हात जोडून उभे असतात आणि एकमेकांना ढकलतही असतात. प्रदक्षिणा झाली की देवी थेट पलंगावर. युद्ध संपलं.

यानंतर जे होतं त्याची चर्चा फारशी होत नाही. गेल्या वर्षीचा पलंग आणि कामगिरी संपलेली पालखी होमकुंडात जाते. महिनाभर मैलोन्‌मैल मिरवलेलं, हजारोंनी डोकं टेकवलेलं लाकूड जाळून टाकायचं. दुसरं एखादं देवस्थान असतं तर ते काचेच्या पेटीत ठेवलं असतं, खाली पाटी लावली असती आणि तिकीटही. तुळजापूर ते जाळतं आणि पुढच्या वर्षी घोडेगावला नवा पलंग पुन्हा सुरू होतो. या परंपरेत जपून ठेवलेली वस्तू नाही. जपून ठेवलेलं काम आहे. पलंग टिकाऊ केला असता तर घोडेगाव आणि तुळजापूर यांचं नातं एका पिढीत संपलं असतं. दर वर्षी जाळल्यामुळे ते शतकानुशतकं चाललंय. हे कुणी ठरवून केलं की होत होत झालं, कोण जाणे. पण ज्यानं केलं त्याला माणसांची चांगली पारख होती.

तुळजापूरचं नाव निघालं की शिवाजी महाराजांचं नाव निघतंच आणि मग भवानी तलवारही. देवीनं महाराजांना तलवार दिली हे चित्र मराठी घराघरांत आहे, कॅलेंडरवर आहे, आणि नवरात्रातल्या अलंकार पूजांपैकी एका दिवशी मूर्तीलाही तसंच सजवतात. इतिहास इतका बोलका नाही. पक्कं आहे ते एवढंच, की तुळजाभवानी भोसल्यांची कुलदेवता. तुळजापूर तेव्हा आदिलशाहीच्या मुलखात होतं आणि 1659 मध्ये अफझलखानानं स्वारीच्या वाटेवर तुळजापूरच्या देवीला उपद्रव दिल्याचं मराठी परंपरा सांगते. त्यानंतर 1661 मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. कुलदेवतेकडे जायची वाट शत्रूच्या मुलखातून जात असेल, तर कुलदेवतेलाच आपल्या मुलखात आणायचं. तलवारीच्या कथेपेक्षा ही गोष्ट महाराजांना जास्त शोभते, असं म्हटलं तर भाविकांनी रागावू नये.

रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी तुळजाभवानीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या देवदेवतांचा माग काढताना ते पुराणांइतकंच लक्ष गोंधळ्यांच्या, आराध्यांच्या तोंडच्या परंपरेकडे देत. तुळजापुरात तर त्याला पर्यायच नाही. इथं वेदमंत्र आहेत, शांतिपाठ आहेत, शाकंभरी नवरात्रात पापनाश तीर्थावरून कलश घेऊन निघणारी बायकांची जलयात्रा आहे. आणि त्याच अंगणात महानवमीला होमकुंडापाशी अजाबळीही आहे. मंगळवारी येणारे आराधी आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळावर मळवट, दुसऱ्या हातात पेटलेला पोत. ते दर्शनाच्या रांगेतल्या पासधारकांसारखे येत नाहीत, नाचत येतात. संबळ सुरू झाली की एखादी साठीची बाई, जी बसमधून उतरताना गुडघा धरून उतरली होती, ती पोत अंगावरून फिरवत अर्धा तास थांबत नाही. समुद्रापासून इतक्या दूर, कोरड्या पठारावरच्या देवीच्या गळ्यात कवड्या कशा आल्या, याचं उत्तर व्यापाऱ्यांच्या वाटांमध्ये दडलेलं असावं. आराध्यांना त्या उत्तराची गरज पडलेली नाही.

मंगळवार आणि पौर्णिमेला छबिना निघतो. देवीची पालखी वाहनासह मंदिराभोवती फिरते. आणि दिवाळीत, अश्विन अमावस्येला, भेंडोळी. डोंगराच्या कडेवरच्या काळभैरवाकडून आगीचे मोठे लोळ लांब लाकडी दांड्याला बांधून, खांद्यावर घेऊन तरुण धावत निघतात आणि जळती भेंडोळी थेट भवानीच्या मंदिरातून नेतात. काळभैरव हा क्षेत्राचा कोतवाल. कोतवालानं वर्षातून एकदा मशाल घेऊन गस्त घालायची, असा त्याचा अर्थ लावतात. पाहणाऱ्याच्या अंगावर मात्र अर्थाआधी आगीची धग येते. सुरक्षेच्या कोणत्याही आधुनिक नियमपुस्तकात हा प्रकार बसणार नाही. तुळजापूर तो दर वर्षी करतं आणि दर वर्षी श्वास रोखून करतं.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे राज्यातली देवळं बंद झाली. त्या वर्षीचं शारदीय नवरात्र तुळजापूरनं भक्तांविना काढलं. शहरात येणाऱ्या वाटा अडवलेल्या, बाजार बंद, लॉजच्या पायऱ्यांवर कुत्री झोपलेली. सोलापूर आणि कर्नाटकातून कोजागरीला पायी येणारे लाखो लोक घरीच राहिले. पण आत देवी निजली, उठली, घट बसले, अलंकार पूजा झाल्या, सीमोल्लंघन झालं. मोजके पुजारी, मोजके मानकरी. त्या नवरात्रानं एक गोष्ट स्पष्ट केली. तुळजापूरची अर्थव्यवस्था भक्तांवर चालते, पूजा मात्र त्यांच्यावर अवलंबून नाही. फुलवाला, परडीवाला, कुंकवाचा दुकानदार, खोल्या भाड्यानं देणारा पुजारी यांनी ते महिने कर्ज काढून काढले. चरणतीर्थ एक दिवसही चुकलं नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये पाडव्याला देवळं उघडली, पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. त्या दिवशी रांगेत काही माणसं नुसती रडत होती.

अलीकडे मंदिराची दुरुस्ती आणि परिसराचा विकास यांचं वारं आहे. वरच्या नव्या फरश्या काढून खालचा जुना दगड मोकळा करण्याचं काम झालं, ते चांगलंच झालं. गर्दीसाठी दर्शन मंडप हवेत, स्वच्छतागृहं हवीत, वाहनतळ हवा, यात वादच नाही. म्हाताऱ्या माणसांना त्या पायऱ्या उतरून पुन्हा चढणं किती जड जातं, हे एकदा पाहिलं की जुनं ते सगळं तसंच ठेवा असं म्हणवत नाही. धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. विकास आराखड्यात इमारती येतात, रस्ते येतात, दिवे येतात. कापूस निवडणाऱ्या बायांना बसायला जागा कुठं, पलंग ज्या वाटेनं येतो त्या वाटेवर विसाव्याचे पार राहिले का, भेंडोळी घेऊन धावणाऱ्यांना वळायला बोळ पुरतो का, हे आराखड्याच्या नकाशात दिसत नाही. नकाशा काढणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. भोप्यांनी, पाळीकरांनी, पलंग्यांनी, बुऱ्हाणनगरच्या भगतांनी, गावातल्या बायकांनी ते एकत्र बसून सांगावं आणि संस्थाननं ते लिहून घ्यावं. निजामाच्या दफ्तरानं कारभाराचे नियम लिहून ठेवले होते. त्याच्या पुढचं, कामाचं पान, आता लिहायला हरकत नाही.

तुळजापूरला बहुतेक लोक नवरात्रात जातात. जमत असेल तर एकदा भाद्रपद वद्य अष्टमीला जावं. पंचांगात तिथी पाहून घ्यावी आणि संस्थानच्या वेळापत्रकाची खात्री करावी, कारण मूर्ती शेजघरात नेण्याचा विधी संध्याकाळचा असतो आणि त्या दिवशी अभिषेक लवकर आवरतात. त्यानंतर घटस्थापनेपर्यंत अभिषेक होत नाहीत, हे नवस फेडायला निघालेल्यांनी लक्षात ठेवावं. दर्शन मात्र बंद नसतं. निजलेल्या देवीचं होतं.